ठाण्याहून, नवी मुंबईहून कास पठार: फुलं नीट बघायची असतील तर

कासला जाऊन हिरमुसून परतणाऱ्यांचा बेत बहुतेक वेळा एकसारखाच असतो. रविवारी पहाटे चारला ठाण्याहून निघायचं आणि रात्री जेवायला घरी. ठाण्याहून सातारा सुमारे २५० किलोमीटर, वाशीहून पंधरा-वीस कमी. पुढे पठार आणखी २५ किलोमीटर. पोचेपर्यंत दहा-अकरा वाजतात आणि यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागलेली असते. त्यामुळे आदल्या संध्याकाळी साताऱ्यात मुक्काम करावा आणि सकाळी सव्वासहाला शहर सोडावं. शक्यतो मंगळवार-बुधवार धरा. रजा टाकावी लागली तरी टाका.

मोसम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपतो. कोणत्या आठवड्यात जाता त्यावर रंग ठरतो. आधी गेंदाची पांढरी बटणं दिसतात. सप्टेंबरात तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा जांभळा रंग चढतो, आणि महिनाअखेरीस सोनकी, कवला (त्यालाच मिकी माऊस म्हणतात) पिवळं करून सोडतात. एकदाच जमणार असेल तर सप्टेंबरचा तिसरा आठवडा बरा, पण पाऊस लांबला की सगळं आठ-दहा दिवस पुढे सरकतं. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. ती मिळाली तर नशीब, तिच्यावर बेत बांधू नका.

प्रवेशाचं बुकिंग घरूनच ऑनलाइन करा. दिवसाला ठरावीक लोकांनाच सोडतात आणि सुट्टीच्या दिवसाच्या जागा लवकर भरतात. शुल्क आणि वेळा बदलत असल्याने त्या मोसमातल्याच बघा. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण वर मोबाइलला रेंज धड मिळत नाही. गाडी वाहनतळावर ठेवून पुढे बसने किंवा चालत जावं लागतं.

रस्ता सरळ आहे: ठाणे-बेलापूर रोडने कळंबोली, एक्सप्रेस वे, कात्रजचा बाह्यवळण रस्ता, खंबाटकी घाट, सातारा. गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मात्र कोकणात जाणाऱ्या गाड्यांमुळे पनवेलपाशीच अडकाल. दुचाकीला एक्सप्रेस वे बंद आहे, त्यांनी जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने जावं आणि दीड-दोन तास जास्त धरावेत. एसटीने जाणाऱ्यांनी कोल्हापूर-सांगलीची गाडी घेतली तर ती साताऱ्याच्या स्टँडवर जाते की महामार्गावरच उतरवते हे चढतानाच कंडक्टरला विचारावं. रेल्वे स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, तिथून रिक्षा करावी लागते.

आता पठाराविषयी. फोटोत दिसतो तो गालिचा सलग नसतो, तुकड्यातुकड्यांत असतो. बरीच फुलं तर नखाएवढी असतात. खाली कातळ आणि जांभा, वर जेमतेम काही सेंटिमीटर माती. पावसाळाभर पाणी साचतं, मातीतलं पोषण वाहून जातं. म्हणूनच इथे कीटक खाणाऱ्या वनस्पती आहेत: दवबिंदू चिकट थेंबांवर किडे धरते, तर सीतेची आसवे मातीतल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव अडकवते. एवढ्या पातळ मातीवर पाय पडला की ती दबते, बी रुजत नाही, आणि ती जागा पुढच्या वर्षीही बोडकी राहते. पायवाट सोडू नका हे त्यासाठी. फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांना दंड होतो, आणि तो व्हायलाच हवा.

पाहायची पद्धत म्हणजे वाटेच्या कडेला उकिडवं बसणं. दहापट भिंग खिशात असलं तर गेंदाचं एक बटण म्हणजे कितीतरी फुलांचा गुच्छ आहे हे कळतं. सकाळी धुकं असलं तर चिडू नका, बऱ्याचदा थोड्या वेळात उघडतं. शिवाय ढगाळ उजेडात फोटोतले रंग चांगले येतात. कुमुदिनीची पांढरी फुलं बघायला पठारावरच्या जुन्या राजमार्गाने तळ्याकडे जावं लागतं. तिथे सकाळीच जा, दुपारनंतर ती मिटतात. मुरडानियाच्या जातीची निळी-जांभळी फुलं मात्र दुपारीच उमलतात. दोन्ही हवी असतील तर वेळेचं गणित तसं बसवा.

छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटी होते. रेनकोट घ्या. शेवाळलेल्या जांभ्यावर चप्पल घसरते, तेव्हा खोल खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. माणशी एक लिटर पाणी आणि सुका खाऊ पुरतो. प्लास्टिकचा कचरा परत आणा. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर स्वच्छतागृह वर चढण्याआधीच उरकून घ्या.

रविवारीच गेलात तर परतताना दुपारी एकच्या आत सातारा सोडा. रविवारी संध्याकाळी चारनंतर लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत गाडी नुसती सरकत राहते.