वाईट दिवस चालू असताना वजन कसं सांभाळायचं, आणि मन पण

वजन कमी करायचे जेवढे सल्ले आपल्याला मिळतात ना, ते सगळे चांगल्या दिवसांचे असतात. म्हणजे नोकरी चालू आहे, घरात सगळे धडधाकट आहेत, रात्री झोप लागतेय, भाजी निवडायला वेळ आहे, हे सगळं धरून चाललेलं असतं. पण मध्येच कोणाची नोकरी जाते, कोणाच्या आईला पॅरालिसिस होतो, कोणाचं लग्न मोडतं, कोणाचं माणूसच जातं, आणि मग कष्टाने उतरवलेलं वजन बघता बघता परत चढतं आणि आधीच्या दुःखावर हे अजून एक दुःख. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते, आमच्या घरात आणि आजूबाजूला यातलं बरंच काही होऊन गेलंय, आणि त्यातून जे खरंच उपयोगी पडलं तेवढंच लिहितेय.

सगळ्यात आधी टार्गेट बदला. वाईट काळात वजन कमी करायचं नाही, आहे तिथे धरून ठेवायचं. एरवी आठवड्याला अर्धा ते एक किलो कमी होणं हा चांगला वेग मानतात, पण ते एरवी. झोप कमी झाली की भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन वाढतं, पोट भरलं सांगणारं लेप्टिन कमी होतं, टेन्शनचं कॉर्टिसॉल वर असतं आणि मग जीभ नेमकी गोड आणि तळलेलंच मागते. यात तुमची इच्छाशक्ती कमी पडतेय असं काही नसतं, शरीर असंच चालतं. अशा वेळी कडक डाएट लावलं की दोन दिवस पाळलं जातं, तिसऱ्या दिवशी मोडतं आणि मोडल्यावर माणूस स्वतःला नको नको ते बोलतो. सहा महिन्यांच्या वाईट काळातून तुम्ही त्याच वजनावर बाहेर पडलात तर माझ्या मते ते दहा किलो उतरवण्याइतकंच मोठं काम आहे, कोणी कौतुक करो न करो.

मग धरून ठेवायचं कसं? तीनच गोष्टी कागदावर लिहून फ्रिजवर लावा, जास्त नको. प्रत्येक जेवणात प्रोटीन, रोज वीस मिनिटं घराबाहेर चालणं, आणि रात्री एका ठरलेल्या वेळेला अंथरुणावर, झोप लागो न लागो, मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत. बाकी दोनदाच जेवा म्हणणारे आणि दर दोन तासांनी खा म्हणणारे, यांचे वाद चालू राहू देत, आत्ता तुम्हाला त्यात पडायची गरज नाही.

प्रोटीनचं जरा सविस्तर सांगते कारण आपल्या घरात तिथेच घोळ असतो. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम लागतं, आणि वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच असतं, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. म्हणजे पोळी, बटाट्याची भाजी, वरणभात असं जेवलं की पोट गच्च भरतं पण दोन तासांनी परत डबे उघडावेसे वाटतात. त्यात मोड आलेली मटकी, दही, अंडं, चिकन, मासे, सोयाबीन, फुटाणे, जे तुमच्या घरात चालतं ते टाका. खायची इच्छाच नसेल तर मूगडाळीची खिचडी करा, डाळ तांदळाएवढी किंवा थोडी जास्तच, वर तूप एक चमचा, बाजूला वाटीभर दही. हे कुठल्याही अवस्थेत गिळता येतं. तुपाला घाबरू नका, चहाचा एक चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी. खरं लक्ष ठेवायचं ते तेलाच्या पिशवीवर, महिन्याला माणशी अर्धा लिटर हे गणित डोक्यात असू दे.

आता प्रत्येक संकटाचं खाणं वेगळं असतं, म्हणून ते वेगळं वेगळं बघू.

घरातलं कोणी अॅडमिट असेल तर पेशंटपेक्षा बाजूला बसणाऱ्याचे हाल जास्त होतात. दिवसभर स्टुलावर, जेवणाची वेळ म्हणजे डॉक्टरांच्या राऊंडच्या मधली वेळ, खाली कँटीनमध्ये मिळणार मेदूवडा, सामोसा, चहा. घरून निघताना पिशवीत चार गोष्टी टाका, दोन उकडलेली अंडी किंवा चणे-फुटाण्याची पुडी, दोन केळी, ताकाची बाटली, पाण्याची मोठी बाटली. नातेवाईक विचारतातच की काय मदत करू, तेव्हा नको नको म्हणू नका, स्पष्ट सांगा की उद्या भाजी-भाकरीचा डबा आण. लोकांना खरंच काहीतरी करायचं असतं, त्यांना काम दिलं की त्यांनाही बरं वाटतं. आणि पेशंटला डोळा लागला की दहा मिनिटं जिने चढा-उतरा नाहीतर कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारा, तेवढंही चालतं, मान-पाठ तरी मोकळी होते.

घरात कोणी गेलं असेल तर पहिले तेरा-चौदा दिवस काहीच मोजू नका. शेजारून पिठलंभात येतो, मावशीकडून डबा येतो, जे पानात पडेल ते खा. फक्त एकच सांभाळा, चहा. भेटायला येणारं प्रत्येक माणूस आलं की चहा होतो आणि त्यांच्याबरोबर आपण पण अर्धा कप घेतो. दोन चमचे साखरेचा कप म्हणजे नुसत्या साखरेच्या ४० कॅलरी, दिवसात असे आठ झाले की ३२० झाल्या, म्हणजे जवळपास एक वडापाव, आणि वर रात्रीची झोप उडते ती वेगळीच. जो कोणी स्वयंपाकघर बघत असेल त्याला सांगून ठेवा की माझा कप बिनसाखरेचा, आणि दुपारी चारनंतर नको.

खरा प्रश्न तेराव्यानंतर सुरू होतो, सगळे आपापल्या घरी गेल्यावर. आमच्या बिल्डिंगमध्ये एक काकू आहेत, यजमान गेल्यावर त्या कितीतरी महिने चहा-खारी आणि टोस्टवर राहिल्या, एकटीसाठी काय चूल पेटवायची म्हणून. वजन आधी उतरलं, मग चढलं, आणि अंगात ताकद म्हणून राहिली नाही. एकटं जेवणाऱ्याने सगळा स्वयंपाक करायचा हट्ट धरू नये. ठाण्यात पोळीभाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, तिथून दोन भाकऱ्या आणि एखादी पालेभाजी आणा, घरी फक्त वरण किंवा उसळ लावा. आणि शक्य असेल तर आठवड्यातून दोन-तीन जेवणं कोणाबरोबर तरी करा. शेजारणीला म्हणा ताट घेऊन ये, आपण एकत्र बसू, त्यात संकोच कसला. काकूंना तिथूनच उभारी आली.

नोकरी गेली असेल तर त्यात एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. ठाण्याहून सीएसएमटीला जाणारा माणूस रोज स्टेशनचा पूल चढतो-उतरतो, प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालतो, गाडीत उभा राहतो, उतरून ऑफिसपर्यंत चालतो. व्यायाम करत नाही असं म्हणत म्हणत त्याचं रोज बरंच चालणं होत असतं. नोकरी सुटली की ते सगळं एका दिवसात बंद, आणि स्वयंपाकघर मात्र चोवीस तास दहा पावलांवर. म्हणून तुमची जी नेहमीची लोकल होती ना, तिच्याच वेळेला अंघोळ करून, बाहेरचे कपडे घालून, घराबाहेर पडा आणि चालून या, मग अर्ज करायला बसा. घरचे विचारतील कुठे निघालास, सांगायचं कामाला. दुपारचा डबा पण सकाळीच भरून ठेवा आणि ऑफिसच्याच वेळेला उघडा. असं केल्याने दिवसाला आकार राहतो, आणि आकार राहिला की चरणं आपोआप कमी होतं. रात्री अकराला घरपोच खाणं मागवायचं अॅप असेल तर ते मोबाईलमधून काढून टाका, पैसे पण वाचतील.

ब्रेकअप, घटस्फोट यात दिवसा माणूस ठीक असतो, रात्री नाही. रात्री नऊ ते बारा हा वेळ कोणाशी तरी फोनवर चालत बोलण्यात घाला, सोसायटीच्या आवारात का होईना.

चालायला कुठे जायचं? तलावपाळी सकाळी चांगली, संध्याकाळी गर्दी आणि खायच्या गाड्या, त्यामुळे मन कच्चं असेल तेव्हा संध्याकाळी नको. मला कचराळी तलाव जास्त आवडतो, फेऱ्या मारायला सोपं, रोज तीच ज्येष्ठ मंडळी दिसतात, न बोलता पण ओळख होते आणि एक दिवस नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतं काल दिसला नाहीत. दुःखातल्या माणसाला याची किती गरज असते ते मी बघितलंय. उपवन पण छान. येऊरला जात असाल तर उजाडल्यावर आणि सोबतीने जा, ते नॅशनल पार्कचं जंगल आहे, बिबटे आहेत. नवी मुंबईवाल्यांना नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यान आहे, वाशीचं मिनी सीशोअर आहे. पावसाळ्यात बिल्डिंगचं पार्किंग किंवा जिना. डब्ल्यूएचओ आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, रोजच्या वीस मिनिटांनी १४० होतात, म्हणजे जवळपास पोचलातच की.

आता मनाचं. पॉझिटिव्ह राहा म्हणजे रडू नका, हसत राहा, असं मी अजिबात म्हणत नाही. रडा, भरपूर रडा. पण दुःख एक आणि स्वतःला दोष देणं वेगळं, ही गल्लत होऊ देऊ नका. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमाराला विवेकनिष्ठ विचारपद्धती मांडली, आणि ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळे ती आपल्याकडे खूप जणांपर्यंत पोचली. तिचं सार असं की घटना आणि त्रास यांच्यामध्ये आपला एक विचार बसलेला असतो, तो पकडायचा. समजा काल रात्री तुम्ही पाव किलो फरसाण खाल्लं, ही घटना. त्यावर विचार येतो की माझ्याच्याने काहीच होत नाही, सगळं वाया गेलं, आणि त्रास होतो तो या विचाराचा, म्हणून मग उरलेलं पण खाऊन टाकतो. तो विचार वहीत लिहा आणि खाली विचारा, हे खरं आहे का? तर खरं नाही. शरीरावर एक किलो चरबी चढायला साधारण ७७०० कॅलरी जादा जाव्या लागतात. एका रात्रीत हजार-दोन हजार जादा गेल्या तर फार तर पाव किलो. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दाखवतो ते मिठाने धरलेलं पाणी असतं, तीन-चार दिवसांत उतरतं. हे गणित माहीत असलं की घाबरायला होत नाही, आणि पुढचं जेवण नेहमीसारखं जेवता येतं. पुढचं जेवण नेहमीसारखं, एवढंच करायचं, उपास काढून भरपाई करायची नाही. तसंही आपल्या उपासाला साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूपच असतं.

काट्याचं म्हणाल तर खूपच वाईट दिवसांत तो माळ्यावर टाका, आणि ब्लाउजचा हुक किंवा पँटचं बटण यावर लक्ष ठेवा. नाहीतर महिन्यातून एकदा कमरेला टेप लावा, आपल्याकडे बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं असं डॉक्टर धरतात.

लोक बोलणारच. हळदीकुंकवाला, गणपतीत, लग्नात, किती सुटलीस गं, काही करत नाहीस का. एक वाक्य पाठ करून ठेवा, सध्या घरात बरंच चालू आहे काकू, तब्येत सांभाळतेय, आणि विषय त्यांच्या नातवंडांवर न्या. स्पष्टीकरण देत बसू नका. आणि गणपतीत उकडीचा मोदक पुढे आला तर खा, मजेत खा.

उलटं पण होतं, ते फार महत्त्वाचं आहे. दुःखात जेवणच जात नाही, कपडे सैल होतात आणि लोक म्हणतात अरे वा, छान बारीक झालीस. हे कौतुक मनावर घेऊ नका. न ठरवता सहा महिने-वर्षभरात वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं साडेतीन किलो, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. असं वजन उतरतं त्यात स्नायू पण जातात.

डॉक्टरांकडे अजून कधी? नेहमीसारखं खाऊन वजन वाढत असेल, थकवा असेल, केस गळत असतील तर थायरॉइड, शुगर, बी-१२ तपासून घ्या. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी आणि स्टेरॉइडने वजन वाढतं, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा की वजन वाढतंय, बदलून मिळू शकते. हल्ली वजनाच्या इंजेक्शनची खूप चर्चा आहे, ती पण डॉक्टरशिवाय नाही, मैत्रिणीने घेतली म्हणून तर नाहीच. आणि दोन आठवड्यांच्या वर झोप, भूक, कशातच रस नाही असं चाललं असेल, किंवा जगावंसं वाटत नाही असा विचार आला तर थांबू नका, १४४१६ हा सरकारचा टेलि मानस नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

परत वजन कमी करायला कधी लागायचं? सलग दोन-तीन आठवडे झोप बऱ्यापैकी लागतेय, भाजी घ्यायला जांभळी नाक्याला जावंसं वाटतंय, उद्याचं काहीतरी ठरवावंसं वाटतंय, तेव्हा. पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीच्या जेवणातली एक पोळी किंवा अर्धा भात कमी करा आणि चालणं वीसचं तीस मिनिटं करा. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस उठाबशा आणि भिंतीला हात टेकून पुश-अप घाला. माळ्यावरचा काटा तिसऱ्या आठवड्यात खाली काढा, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा आणि तिथून मोजायला लागा, जुना आकडा धरू नका.