छोटं रॉकेट करायचंय? आधी वडापात बसून बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मशिन शॉप आहे, पंपाचे भाग करतो. दिवाळीत भाचा म्हणाला, "मामा, छोटं रॉकेट करूया की. शिरोलीत ओतकाम, तुझ्याकडं टर्निंग, आणखी काय लागतंय?"

म्हटलं, गिऱ्हाईक लागतंय.

तेव्हा ड्रॉइंग गुंडाळून ठेवा आणि एका पानावर तीन प्रश्न लिहा. उपग्रह किती किलोचा? कुठल्या कक्षेत जायचाय? आणि त्याचा मालक किती दिवस थांबायला तयार आहे?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. राधानगरीकडं जाणारं वडाप, म्हणजे शेअर जीप, आठवा. भरल्याशिवाय सुटत नाही, पण सीट स्वस्त. छोटे उपग्रह असेच जातात. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटनं फेब्रुवारी 2017 मध्ये एका खेपेत 104 नेले, स्पेसएक्सच्या फाल्कन 9 नं जानेवारी 2021 मध्ये 143. त्या दराशी छोट्या रॉकेटनं झुंजायला जाऊ नये, आपटी ठरलेली.

पण वडाप ठरल्या रस्त्यानं जातं. आतल्या वाडीवर जायचं असेल तर फाट्यावर उतरून चाला. वर हे चालणं लई महाग पडतं. 500 किलोमीटर उंचीवर उपग्रहाचा वेग सेकंदाला साधारण 7.6 किलोमीटर. कक्षेचं प्रतल, म्हणजे कक्षा ज्या सपाट पातळीत फिरते ती, नुसतं एक अंशानं वळवायचं तरी सेकंदाला 130 मीटरच्या आसपास जादा वेग द्यावा लागतो. क्यूबसॅटला, म्हणजे दहा सेंटीमीटरच्या ठोकळ्याएवढ्या उपग्रहाला, बहुतेक वेळा इंजिनच नसतं, तो काय चालणार!

यातनं गिऱ्हाईक आपोआप निवडलं जातं. कॉलेजचा क्यूबसॅट सोडून द्या, तो वडापातच बसणार. जमिनीचे फोटो काढणाऱ्या उपग्रहांच्या ताफ्यातला एखादा बंद पडला, की त्याचा बदली त्याच प्रतलात, तोही लवकर लागतो. संरक्षण खात्यालाही घाई असते. स्पेशल गाडीचं भाडं देणारी माणसं ही.

मग इंधन. रॉकेट लॅब कंपनीचं द्रव इंधनाचं इलेक्ट्रॉन रॉकेट 18 मीटर उंच, वजन 13 टन, खालच्या कक्षेत 300 किलो नेतं. आपल्या इस्रोचं छोटं रॉकेट एसएसएलव्ही 34 मीटर, 120 टन, आणि 500 किलोमीटरवर 500 किलो. भाचा लगेच म्हणाला, आपलं जडच की! पण एसएसएलव्हीचे तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनाचे. द्रव इंधनाइतका जोर किलोमागं मिळत नाही, मात्र टप्पे भरून तयार ठेवता येतात, पंप नाही, वाल्व नाही. घाईच्या गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. म्हणून म्हणतो, पान आधी लिहा.

वजन कुठं कमी करायचं? वरनं. शेवटच्या टप्प्यात एक किलो वाढला की उपग्रहातला एक किलो गेलाच. पहिल्या टप्प्यात तेवढाच वाढला तर तोटा बराच कमी. आमच्याकडची पोरं खालचं मोठं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तासत बसतात, कारण ते डोळ्यात भरतं.

जागाही हिशेबात धरा. श्रीहरिकोट्याहून ध्रुवांवरनं जाणाऱ्या कक्षेकडं जाताना श्रीलंका टाळायला वळसा घ्यावा लागतो, आणि छोट्या रॉकेटची ताकद त्या वळशातच जाते. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला नवा तळ त्यासाठीच होतोय.

चाचणीत कंजुषी नको. एकदा माझ्याच शॉपातनं पंपाची बॉडी पाण्याच्या दाबाची चाचणी न घेता गेली. आत ब्लोहोल होता, ओतकामात राहिलेली हवेची पोकळी. लॉट परत आला, भाडं माझ्या अंगावर. एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण 7 ऑगस्ट 2022 ला झालं. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्यानं सेन्सरची मापं क्षणभर हद्दीबाहेर गेली, संगणकानं सेन्सर बिघडले असं धरलं, आणि उपग्रह अशा कक्षेत गेले, जी एका टोकाला 356 आणि दुसऱ्या टोकाला फक्त 76 किलोमीटर उंच होती. 76 किलोमीटरवर हवा असते, तिथं उपग्रह टिकत नाही. टप्पा सोडण्याची यंत्रणा आणि ते तर्कशास्त्र दोन्ही बदललं, तेव्हा 10 फेब्रुवारी 2023 ला जमलं. तुमचा सुटा भाग कितीही चोख असो, शेजारचा भाग सुटतानाचा हादरा देऊन तो तपासा.

इंधन शॉपात मिसळायचं नाव काढू नका, जीव जाईल. उड्डाणाला इन-स्पेसची, म्हणजे खासगी अवकाश कामांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेची, परवानगी लागतेच.

भाच्यानं पान आणलं. किलो लिहिलेत, कक्षा लिहिलीय. तिसऱ्या प्रश्नापुढं लिहिलंय, "विचारून सांगतो." विचारायला कुणाकडं जायचं ते आता शोधतोय.