पुठ्ठ्यावर समुद्र: अल्फ्रेड वॉलिसची पद्धत

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा अल्फ्रेड वॉलिस (१८५५–१९४२) चित्रकला कुठेच शिकला नव्हता. आधी मासेमारी केली, मग सेंट आइव्हजमध्ये जहाजांच्या जुन्या सामानाचं दुकान चालवलं. बायको गेल्यावर, सत्तरीच्या सुमारास, त्याने ब्रश धरला. १९२८ मध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड या चित्रकारांच्या नजरेला तो पडला. त्याचं सामान म्हणजे खोक्यांचे पुठ्ठे आणि बोटींना लावायचा रंग. तसं चित्र करून पाहायचं तर असं करा.

नालीदार पुठ्ठा नको, सपाट आणि घट्ट घ्या. कडा तिरकी असेल तर कापून सरळ करू नका; जहाज किंवा किनारा त्या तिरकसपणातच बसवायचा आहे. कोरा पुठ्ठा रंगातलं तेल शोषतो, रंग मलूल पडतो आणि भोवती तेलाचा डाग पसरतो. म्हणून एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी असा पातळ हात आधी द्या, तोही दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला दिलात तर पुठ्ठा वाकतो. (वॉलिस असल्या भानगडीत पडत नसे.)

रंग दारं-खिडक्यांना लावतात तोच ऑइल पेंट: काळा, पांढरा, हिरवा, तपकिरी. राखाडी मिसळून करा. निळ्याचा मोह टाळा. पातळ करायला टर्पेंटाइन, तेही थेंबाथेंबाने.

पेन्सिलीने जहाज पूर्ण बाजूने काढा, डोलकाठ्या आणि शिडांसकट. आकार अंतरावरून नाही, महत्त्वावरून ठरवा: जहाज दीपगृहापेक्षा मोठं झालं तरी चालेल. फोटो समोर ठेवलात की यथार्थदर्शन (जवळचं मोठं, दूरचं लहान दाखवायची रीत) चोरपावलांनी शिरतं आणि चित्र पोस्टकार्ड होतं.

खरी कसोटी समुद्राची. पांढरा आणि हिरवा पुठ्ठ्यावरच अर्धवट मिसळा, ब्रशचे फटकारे लाटेच्या दिशेने जाऊ द्या, आणि मध्येमध्ये पुठ्ठ्याचा मूळ तपकिरी रंग उघडा ठेवा. नवशिके नेमकं हेच करायला घाबरतात. सगळं झाकलं की पाणी सपाट, मेलेलं दिसतं.

दोरखंड अगदी शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशने, खालचा रंग पक्का वाळल्यावर. जाड थर वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो. घाईने त्यावर दुसरा हात दिलात तर सुरकुत्या पडतात. किमान चोवीस तास थांबा, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट.