जुन्या वळणाचा बेस कसा बघावा: एका रंगाऱ्याच्या मुलाकडून

आमच्या आबांचं गाड्या रंगवायचं गॅरेज कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात होतं. शाळा सुटली की मी तिथे पॉलिश पेपर पाण्यात भिजवून द्यायला बसायचो. पुढे पुण्यात ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायला लागलो, तेव्हा माझी नजर तारांआधी रंगावर गेली. वाजवणाऱ्या पुष्कळ पोरांना आवाजातला फरक चटकन कळतो, पण हातातली वस्तू कशी घडली आहे हे त्यांनी कधी निरखून बघितलेलं नसतं. त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याजवळ १९६२ च्या घडणीवर जपानमध्ये बनलेला फेंडर कंपनीचा ‘प्रिसिजन’ बेस आहे. बहुतेक गोष्टी त्याच्याच आधाराने सांगतो.

आधी उजेड नीट घ्या. ट्यूबलाइटखाली बेस बघण्यात अर्थ नाही. सकाळी खिडकीशी बसा, बेस मांडीवर आडवा धरा आणि हळूहळू कलता करा. तिरका उजेड पडला की रंगाचा प्रत्येक हात दिसतो. आबा गाडीचं बॉनेट असंच बघायचे, खाली वाकून, गाल पत्र्याला लावल्यासारखे.

मग सनबर्स्ट बघा. मधे पिवळा, त्याभोवती तांबडा, कडेला काळा. १९५१ चा पहिला प्रिसिजन असा नव्हता. तो फिक्या पिवळसर रंगाचा होता, कडा चौकोनी, पिकगार्ड (रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून बॉडीवर बसवलेलं पातळ पान) काळा. १९५४ मध्ये कडांना उतार आला आणि दोन रंगांचा सनबर्स्टही आला. तांबडा त्यात १९५८ ला मिसळला. सुरुवातीच्या त्या तांबड्यात खोट होती, उन्हाने तो उडायचा. म्हणून त्या काळातले काही बेस आज दोनच रंगांचे वाटतात, आणि पिकगार्ड उचलला तर खाली तांबडा जसाच्या तसा सापडतो. चांगल्या सनबर्स्टची परीक्षा एकच: एक रंग संपून दुसरा कुठे सुरू झाला ते बोट ठेवून सांगता येऊ नये. नव्या स्वस्त बेसवर तांबडा पट्टा रिबिनीसारखा वेगळा दिसतो. माझा बेस मी पहिल्यांदा आबांना दाखवला, तेव्हा त्यांनी तो उन्हात नेला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "गन लांबनं धरलीया. हात बसल्याला माणूस हाय." गन म्हणजे रंग फवारायची.

एकरंगी बेसची गोष्ट मला त्याहून जवळची. आमच्या गॅरेजात गाडीच्या रंगकामाला सरसकट ‘ड्युको’ म्हणत. ड्युको हे ड्यू पॉन्ट या अमेरिकन कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं नाव. कॅलिफोर्नियात फुलर्टनला लिओ फेंडरच्या कारखान्यात गिऱ्हाइकाने खास रंग मागितला, की हाच ड्युको किंवा त्याच कंपनीचा ल्युसाइट हा ॲक्रिलिक रंग मारत, म्हणजे मोटारींचेच रंग. फिएस्टा रेड हा १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू हा १९५८ च्या कॅडिलॅकचा. खास रंगाला किमतीच्या ५ टक्के जास्त पडत. हे मला कळलं तेव्हा आबांच्या थिनरचा वास थेट नाकात आला.

हे रंग बघताना वरचा पारदर्शक थर विसरू नका. नायट्रोचा तो थर वर्षांनी पिवळा पडतो. त्यामुळे ऑलिंपिक व्हाइट सायीसारखा होतो आणि लेक प्लॅसिड ब्लू हिरव्याकडे झुकतो. काही वेळा तयार सनबर्स्टवरच दुसरा रंग मारलेला असे, मग कोपर घासून वरचा रंग गेला की खालचा पिवळा-तांबडा डोकावतो. जुन्या वळणाच्या नव्या बेसला मुद्दाम पिवळसर थर देतात. तो सगळीकडे एकसारखा पिवळा असेल तर माझं मन भरत नाही. खरा बेस बंद पेटीत किती राहिला, उन्हात किती राहिला, यावर छटा ठरते, आणि क्रोमच्या झाकणाखालचा रंग बाकीच्यापेक्षा उजळ राहतो.

ही क्रोमची झाकणं म्हणजे एक पिकअपवर, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकावर, आणि एक ब्रिजवर, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात त्या भागावर. ब्रिजवरच्याला वाजवणारे ‘ॲशट्रे’ म्हणत, कारण बऱ्याच जणांनी ते काढून खरोखर त्यासाठीच वापरलं. त्याच्या आत तारांचा नाद दाबायला फोमचा तुकडा चिकटवलेला असे. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन याने त्याच्या १९६२ च्या प्रिसिजनवरचं ब्रिजचं झाकण काढलं नव्हतं, आणि तो ठसठशीत, आखूड आवाज घडण्यात त्या फोमचा वाटा आहे. तुमच्या बेसवर झाकण नसेल तर स्क्रूची भोकं शोधा. पिकगार्डवर तारांच्या खालच्या बाजूला एक छोटी पट्टी असते, तीही बघा. बेस अंगठ्याने वाजवतील आणि बाकीची बोटं या पट्टीला धरतील, अशी कारखान्याची कल्पना होती. लोक बोटांनी वाजवू लागले. पट्टी मात्र १९७४ पर्यंत तिथेच होती, मग वरच्या बाजूला अंगठ्यासाठी गेली.

पिकगार्डवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. १९५७ ला तो सोनेरी ॲल्युमिनियमचा होता, घासून घासून बोटांखाली चंदेरी व्हायचा. १९५९ पासून कासवाच्या पाठीसारखा तांबूस-तपकिरी आला. तो सेल्युलॉइडचा. चांगल्या तुकड्यात रंगाचे ढग एकमेकांखाली गेलेले दिसतात, बेस कलता केला की आत खोली जाणवते. मी एकदा दुकानातून बदली पिकगार्ड आणला. दुकानाच्या दिव्यात झकास दिसला, पण घरी खिडकीशी आणल्यावर कळलं की नक्षी म्हणजे नुसता छापील कागद होता, त्याच्यावर प्लास्टिकचा थर. तीन दिवसांत काढून टाकला. म्हणून घेण्याआधी तो उन्हात धरा आणि कापलेली कड बघा. खोटा नक्षीदार थर कडेला केसाएवढा पातळ असतो.

फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं दाबायची पट्टी, थोडक्यात. आधी तो मॅपलचा होता, १९५९ पासून शिसवी. ठिपके १९६४ पर्यंत मातकट, निस्तेज पांढरे, नंतर मोत्यासारखे चमकणारे. मला मातकटच आवडतात, कारण स्टेजच्या दिव्यात ते डोळ्यांवर येत नाहीत. फेंडरच्याच ‘जॅझ बेस’ या दुसऱ्या मॉडेलवर १९६६ च्या सुमारास ठिपक्यांऐवजी चौकोन आले. हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या, तारा जुळवायच्या मोठ्या, पानासारख्या चाव्या मात्र एकदा फिरवून बघाच. जुन्या घडणीत त्या उलट्या दिशेने फिरतात, आणि माझा हात अजून अधूनमधून चुकतो.

आता झिजेबद्दल. १९९५ पासून फेंडरच्या कस्टम शॉपमध्ये, म्हणजे खास वाद्यं घडवणाऱ्या विभागात, नवीच वाद्यं जुनी दिसतील अशी झिजवून विकायला लागले. यात मला काही वावगं वाटत नाही, फक्त झीज शरीराला धरून हवी. वरच्या कडेवर कोपर टेकतं तिथे, पिकअपच्या वर अंगठा टेकतो तिथे, पाठीमागे पट्ट्याचं बक्कल लागतं तिथे. खालच्या शिंगाच्या, म्हणजे मानेजवळच्या खालच्या टोकाच्या, आत रंग गेलेला असेल तर विचारा, इथे माणसाचं काय लागतं? नायट्रोला थंडी-उष्णतेने बारीक तडे जातात. ते उजेडात केसासारखे वेडेवाकडे, कमी-जास्त अंतरावर दिसावेत.

शेवटी पिकगार्डखाली बघायचं. आधी तारा पूर्ण सैल करा. प्रिसिजनमध्ये नॉब आणि जॅक पिकगार्डलाच बसवलेले असतात, म्हणून तो उचकटून ओढू नका, आतल्या वायरी तुटतात. हळूच उलटा करून मऊ फडक्यावर ठेवा. साठच्या दशकातल्या खऱ्या बेसमध्ये इथे खिळ्यांची भोकं मिळू शकतात. बॉडी खिळ्यांवर टेकवून रंगवत आणि वाळवत. आबाही दाराचे पत्रे असेच खिळ्यांवर ठेवायचे, म्हणजे ओला रंग कशाला लागत नाही. परत बसवताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो ‘टक’ करून बसतो, मग सुलटा फिरवा. तेरा स्क्रू आहेत, तेराही हलक्या हाताने. सेल्युलॉइड आकसतं, त्यामुळे जास्त आवळला तर भोकापासून कडेपर्यंत तडा जातो.