स्वस्त भाडं, लेकीची सीट लांब: शेवटी असं जमलं

पुणे-दिल्ली तिकीट एका बुकिंग अ‍ॅपवरून, सगळ्यात स्वस्त भाड्याचं. त्यात सीट निवडणं धरलेलं नव्हतं. वेब चेक-इनमध्ये आम्ही दोघं ७ ई-एफ आणि सहा वर्षांची लेक १९ बी! अ‍ॅपमध्ये सीट बदलता येईना, एअरलाइनच्या साइटवर ‘बुकिंग सापडत नाही’. दोन्ही हेल्पलाइन एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. डोकं पार उठलं.

शेवटी ई-तिकिटाची पीडीएफ उघडली. अ‍ॅपचा लांबलचक बुकिंग नंबर एअरलाइनला चालत नाही. त्याच पानावर सहा अक्षर-आकड्यांचा एअरलाइन पीएनआर असतो, तो घ्यायचा. एअरलाइनच्या साइटवर तो आणि तिकिटावर छापलंय तसंच आडनाव टाकलं, बुकिंग लगेच उघडलं. मोकळ्या प्रत्येक सीटवर किंमत होती. पैसे न भरता, चेक-इन अर्धवट ठेवून, तिथल्याच चॅटवर पीएनआर, लेकीचं वय आणि डीजीसीएची (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) एप्रिल २०२४ ची सूचना लिहिली: १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकाशेजारी सीट द्यायची. लेक आईशेजारी आली, मी मागे गेलो. मग चेक-इन पूर्ण केलं.

मुलांचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर काढू नका, ही सूचना तिथे लागू पडत नाही.