डब्ल्यू-फोर भरताना आई-बाबांना डिपेंडंट दाखवू नका

अमेरिकेत नोकरी सुरू झाली की पहिल्याच दिवशी एचआरच्या पोर्टलवर ढीगभर फॉर्म येतात, त्यातला एक डब्ल्यू-फोर, म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म. सगळ्यांचं लक्ष इन्शुरन्सकडे आणि हा दोन मिनिटांत उरकायचा. मीही तसाच उरकला होता. आपल्याकडे कसं, कंपनी जानेवारीत एलआयसीच्या, घरभाड्याच्या पावत्या मागते आणि टीडीएसचं सगळं अकाउंट्सवाले बघतात. इथे तुम्ही जे लिहाल त्यावरून पेरोलवाले (पगार काढणारे) टॅक्स कापतात, पावती कोणी मागत नाही, हिशोब थेट एप्रिलमध्ये रिटर्न भरताना द्यायचा.

माझी चूक नीट वाचा, कारण गेल्या काही वर्षांत मी तीन मुलांना हीच करताना पाहिलंय. फॉर्मची स्टेप थ्री, डिपेंडंट्स, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं. बाबा रिटायर झालेले, मी दर महिन्याला सांगलीला पैसे पाठवायचो, मग आई-बाबा माझ्यावर अवलंबून नाहीत तर कोणावर? रूममेट म्हणाला टाक, मीपण टाकलेत. दोघांचे टॅक्स सवलतीचे ५००-५०० धरून १००० डॉलर लिहून मोकळा झालो. पण डिपेंडंट अमेरिकन नागरिक किंवा टॅक्ससाठी इथला रेसिडेंट लागतो, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोत राहणारा. भारतात राहणारे आई-बाबा यात बसत नाहीत, तुम्ही कितीही पैसे पाठवा. त्यात माझ्या भारतातल्या बँकेतल्या एफडी. एनआरई खात्याचं (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं भारतातलं खातं) व्याज भारतात करमुक्त, म्हणून मी ते धरलंच नव्हतं, पण टॅक्ससाठी रेसिडेंट झालात की जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. एप्रिलमध्ये किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो, रिफंड येईल म्हणून घरी जायचं तिकीट बघून ठेवलेलं, आणि स्क्रीनवर आलं की दोन हजारांच्या वर डॉलर भरा. तिकीट राहिलं ते राहिलंच.

म्हणून सिंगल असाल, एकच नोकरी असेल, तर स्टेप वन आणि स्टेप फाइव्ह भरा, स्टेप थ्री कोरी सोडा. दोन नोकऱ्या एका वेळी असतील तर स्टेप टू बघाच. एफडीचं व्याज असेल तर स्टेप फोरच्या ४-सी मध्ये दर पगारातून जादा कापायची रक्कम लिहा. समजा वर्षाला ३००० डॉलर व्याज आणि तुम्ही २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, म्हणजे ६६० डॉलर, दर दोन आठवड्यांनी पगार असेल तर २६ पेचेक, प्रत्येकी साधारण २५ डॉलर. ४-ए मध्ये व्याजाची रक्कम टाकता येते, पण मग ती कंपनीला कळते, मला ते आवडत नाही.

बोनस आणि आरएसयूवर (कंपनीकडून मिळणारे शेअर्स) बहुतेक कंपन्या सरसकट २२ टक्केच कापतात. तुमचा स्लॅब २४ किंवा ३२ असेल तर उरलेला फरक तुमच्या गळ्यात. आयटीतल्या आपल्या मुलांना हाच फटका बसतो आणि ते दोष सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला देतात.

मोठा रिफंड आला म्हणून पार्टी करणारे आपल्यात खूप आहेत, मला ते अजिबात पटत नाही, तो तुमचाच पैसा सरकारकडे वर्षभर बिनव्याजी पडून होता. पण दुसरं टोकही नको, कोणी 'एक्झेम्प्ट (टॅक्स कापूच नका) लिही, हातात जास्त येईल' म्हणालं तर ऐकू नका. गेल्या वर्षी टॅक्स शून्य होता आणि यंदाही शून्यच असेल, अशांसाठीच ते आहे. रिटर्न भरताना १००० डॉलरपेक्षा कमी देणं निघालं किंवा वर्षाच्या टॅक्सचा ९० टक्के भाग आधीच कापला गेला असेल, तर सहसा दंड लागत नाही, तेवढं साधलं की पुरे.

एफ-वनवर (स्टुडंट व्हिसा) ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतरची तात्पुरती नोकरी, करणाऱ्यांनी पेस्टबमध्ये (पगाराची स्लिप) सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापलेत का बघा. पहिली पाच कॅलेंडर वर्षं नॉनरेसिडेंट असताना ते कापायचे नसतात, कापले असतील तर आधी पेरोलकडे परत मागा. एच-वनवाल्यांना (नोकरीचा व्हिसा) ही सूट लागू नाही.

राज्याचा फॉर्म वेगळा असतो. टेक्सास, फ्लोरिडात पगारावर राज्याचा टॅक्सच नाही, कॅलिफोर्नियात डीई-फोर भरा.

फॉर्म वर्षात कधीही बदलता येतो. पहिले दोन पेस्टब आले की आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) साइटवरच्या विथहोल्डिंग एस्टिमेटरमध्ये, म्हणजे टॅक्स किती कापला जावा ते सांगणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये, आकडे टाकून बघा, अर्धा तास लागतो. डिसेंबरात गावी जाऊन लग्न करणार असाल तर परत आल्यावर पुन्हा बघा, कारण ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर रिटर्नमध्ये ते अख्खं वर्ष विवाहितच धरलं जातं.