फॉल्ट वाचून तेल कुठे शोधायचं

गोव्यात जिऑलॉजी शिकणारी मुलं हमखास विचारतात, मुंबईसमोर समुद्रात तेल लागलं मग आपल्यासमोर का नाही? त्यासाठी आधी सेस्मिक लाईनवरचे, म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेल्या जमिनीखालच्या थरांच्या उभ्या छेदावरचे, फॉल्ट (खडक तुटून सरकलेल्या भेगा) वाचता आले पाहिजेत, ते कसं करायचं ते सांगतो.

डिचोली-सांग्याचे खाणीतले खडक सोडून द्या, ते अतिप्राचीन, दाबून-भाजून निघालेले, त्यात तेल टिकत नाही. बघायचं ते समुद्रतळाखालच्या गाळाकडे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि नंतर सेशेल्स भारतापासून सुटले तेव्हा हा किनारा ताणला गेला, फॉल्ट पडले, काही ठोकळे खाली बसले आणि काही वर राहिले. बसलेला तो ग्राबेन, वर राहिलेला हॉर्स्ट.

सगळ्यांची नजर आधी हॉर्स्टवर जाते. तसं करू नका, आधी ग्राबेन रंगवा. सेंद्रिय पदार्थ असलेली शेल (चिकणमातीचा खडक) खोल गाडली जाऊन साधारण ६० ते १२० डिग्री सेल्सिअसला तापली की तेल होतं, तेव्हा तो भाग कुठे आहे ते ठरवा आणि तिथून तेल चढेल त्या वरच्या दिशेने बाण काढा. १९७४ मध्ये सापडलेलं मुंबई हाय असंच आहे, बाजूच्या खोलगट भागांतल्या जुन्या शेलमध्ये तेल तयार झालं आणि वर चढून मायोसीन काळातल्या चुनखडीत साठलं.

मग फॉल्टचं वय. एकच थर फॉल्टच्या दोन्ही बाजूंना मोजा, बसलेल्या बाजूला तो जाड असेल तर तो साचत असतानाच फॉल्ट हलत होता, आणि दोन्हीकडे सारखाच असून नुसता तुटलेला असेल तर फॉल्ट नंतर हलला. यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे, कारण तेल वर चढून गेल्यावर ट्रॅप (तेल अडवून ठेवणारी रचना) तयार झाला तर स्ट्रक्चर कितीही सुंदर दिसो, विहीर कोरडीच जाते.

तिसरं म्हणजे फॉल्टच्या पलीकडे काय टेकलंय. वाळूखडकासमोर शेल आली तर तेल अडतं, वाळूसमोर वाळू आली तर बहुतेक वेळा निसटतं, पण फॉल्टच्या भेगेत चिकणमाती घासून लिंपली गेली असेल तर तिथेही अडू शकतं. फॉल्टचा थ्रो (थर किती खाली सरकला ते अंतर) सगळीकडे सारखा नसतो म्हणून एका लाईनवर विसंबू नका, फॉल्टच्या लांबीभर दोन्ही बाजूंचे थर एकाच कागदावर उतरवून ताडून बघा. राजस्थानात बारमेरचं मंगला, २००४ मध्ये सापडलेलं, अशाच तिरक्या झालेल्या फॉल्ट ब्लॉकमधलं आहे, ते अभ्यासायला घ्या.

आता आपला समुद्र. वेंगुर्ला आर्च (समुद्रतळाखालचा खडकाचा उंचवटा) आहे, त्याच्या उत्तरेला मुंबई बेसिन (गाळ साचलेला खोलगट प्रदेश) आणि दक्षिणेला केरळ-कोकण बेसिन, गोवा दुसऱ्यात येतो आणि तिथे अजून व्यापारी साठा मिळालेला नाही. बऱ्याच ठिकाणी गाळाखाली बेसॉल्ट पसरलाय, ध्वनिलहरी त्यात विखुरतात आणि खालचे फॉल्ट धूसर दिसतात. म्हणून तिथे नुसत्या सेस्मिकवर फॉल्ट ओढू नका, ग्रॅव्हिटी आणि मॅग्नेटिक नकाशे शेजारी ठेवा, तिन्हींत जुळतो तोच पक्क्या रेघेने काढा, बाकीचे तुटक रेघेने.